पट्टी सोडली की पीं

"हे मला शिव्या घालतंय की हो, शार्दूलराव!" असं म्हणत उमाकांतअण्णांनी मल्लेश्वरमच्या एका क्रॉस रोडवर व्हॅन कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि हाताची घडी घालून बसून राहिले.

शिव्या घालणारी वस्तू पुढच्या काचेला आतून, आरशाखाली, डोळा आणि काच यांत तीन बोटं जागा सोडून चिकटवलेली होती. जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी, पुढे एक डोळा, मागे एक हिरवा दिवा आणि पोटात भोंगा. तिचं नाव लेन डिपार्चर वॉर्निंग सिस्टिम. रस्त्यावर आखलेल्या पांढऱ्या पट्ट्या त्या डोळ्यानं बघायच्या आणि गाडी आपली पट्टी सोडून बाजूला सरकली की 'पीं' करायचं, एवढंच तिचं काम. गाडी चालवताना डुलकी लागलेला माणूस त्यानं जागा होतो, असं कागदावर सिद्ध झालं होतं. पेटी विकायची होती जर्मनीत, पण तयार होत होती जयनगरात, उभ्याउभ्या इडली खायच्या एका दर्शिनीच्या डोक्यावर, नऊ माणसांच्या कंपनीत. साल १९९८. त्या काळी बंगळुरात दर तिसऱ्या जिन्यावर कुणी ना कुणी जर्मनीसाठी काहीतरी बनवत बसलेलं असायचं.

शार्दूल मागच्या सीटवर मांडीत छोटा प्रिंटर घेऊन बसला होता. पेटी किती वेळा ओरडली ते त्या प्रिंटरमधून कागदाच्या फितीवर छापून येई. शार्दूल वर्षापूर्वी पुण्याहून आलेला, सव्वीस वर्षांचा इंजिनीअर. पेटीचा जन्मदाता तोच, त्यामुळे तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की पहिल्यांदा त्याचं तोंड उतरायचं.

"अण्णा, शिव्या नाहीत हो. इट्स जस्ट अ वॉर्निंग. तुम्ही लेन सोडली असं तिला वाटतंय."

"लेन? कुठाय लेन? दाखवा बघू."

शार्दूलनं बाहेर बघितलं. प्रश्न रास्त होता. रस्ता होता, रस्त्यात गाय होती, शेवंतीच्या माळा विकणारी बाई होती, लेन मात्र नव्हती. कधीकाळी आखलेल्या पट्ट्या टायरांनी केव्हाच खाल्ल्या होत्या. पण सकाळची वेळ असल्यानं दर घरासमोर रांगोळी होती, आणि नवरात्र सुरू असल्यानं ती फाटकाबाहेर थेट रस्त्यापर्यंत आली होती. पेटीला रांगोळी ठाऊक नव्हती. पांढरी रेघ म्हणजे पट्टी, एवढंच शार्दूलनं तिला शिकवलं होतं. त्यामुळे एखादी ठिपक्यांची मोठी रांगोळी दिसली की आपली गाडी एका दमात सतरा लेन ओलांडतेय अशी तिची खात्री पटायची आणि ती जीव तोडून ओरडायची.

"तीस वर्षं स्टिअरिंग धरतोय मी," अण्णा म्हणाले. "एक ओरखडा नाही. एक कोंबडी मेली नाही. माझा बाप मला काय बोलला नाही, मोहनकुमारसार काय बोलले नाहीत, आणि हा डबा मला सकाळपासून पीं पीं म्हणून काय बोलतो?"

उमाकांतअण्णा कंपनीचे एकुलते एक ड्रायव्हर. चामराजपेटेत त्यांच्या चार पिढ्या गेलेल्या, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कानडी. कपाळावर रोज गोपीचंदनाचं उभं गंध, मधे बुक्क्याचा ठिपका. वय सत्तावन्न. निवृत्तीला एकच वर्ष उरलेलं, आणि शेवटच्या दिवशी व्हॅन धुऊनपुसून, किल्ली स्वतःच्या हातानं साहेबांच्या टेबलावर ठेवायची, एवढी एकच हौस त्यांनी आयुष्यात बाळगली होती.

"अण्णा, फक्त आजचा दिवस. मग बाकीच्या गाड्या."

"सरी," म्हणजे ठीक, असं म्हणत अण्णांनी हँडब्रेक सोडला. "पण बोललं तर मीही बोलणार."

मग जयनगरपर्यंत पेटी 'पीं' म्हणाली की अण्णा "तुझा आज्जा!" म्हणायचे. संध्याकाळी शार्दूलनं फीत मोजली. चारशे बारा वेळा पीं. आज्जांची मोजणी कुणी ठेवली नाही.

जर्मनांना वेगवेगळ्या जातींच्या गाड्यांवर चाचणी हवी होती. व्हॅन झाली, आता लॉरी, बस आणि रिक्षा. रिक्षा त्यांनी मागितली नव्हती, ती कंपनीचे मालक मोहनकुमारसाहेब यांनी उत्साहाच्या भरात आपणहून कबूल केली होती.

लॉरीचा दिवस फार सुखाचा गेला. इंजिनाच्या घरघरीत पेटी ओरडतेय हे ड्रायव्हरला ऐकूच आलं नाही. फितीवर सत्त्याण्णव पीं उमटले आणि ड्रायव्हर म्हणाला, "फर्स्टक्लास मशीन, सार. बिलकूल त्रास नाही."

बसमध्ये मात्र घोटाळा झाला. एका खाजगी मालकाची बस मिळाली होती, रोज माणसं भरून धावणारी. बंगळुरात कंडक्टर घंटीची दोरी ओढत बसत नाही, तो शिट्टी फुंकतो. एक शिट्टी म्हणजे थांब, दोन शिट्ट्या म्हणजे चल. ड्रायव्हरचे कान बावीस वर्षं याच शिट्टीवर पोसलेले. शार्दूलनं पेटी चिकटवली, बस निघाली आणि पहिल्याच वळणावर पेटी म्हणाली, "पीं!"

बस जागच्या जागी थांबली. तिथं स्टॉप नव्हता, फक्त एका लग्नाच्या हॉलचं फाटक होतं. फाटकात उभे असलेले सहाजण, बस आपल्यासाठी थांबली म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं, म्हणून चढले.

"यारप्पा विसल हाकिद्दू?" म्हणजे शिट्टी कुणी मारली, असं कंडक्टरनं विचारेपर्यंत पेटी म्हणाली, "पीं, पीं!" आणि बस सुटली. पुढच्या खऱ्या स्टॉपवर एक आजीबाई एक पाय पायरीवर ठेवून आत पिशवी देत होत्या. तेवढ्यात फुटपाथची चुन्यानं रंगवलेली कड पेटीच्या नजरेस पडली आणि दोनदा पीं झालं. पिशवी बसमध्ये गेली, आजीबाई खाली राहिल्या.

"थांबवा, थांबवा!" शार्दूल ओरडला.

"शिट्टी मारा ना मग!" ड्रायव्हर ओरडला.

कंडक्टरनं शिट्टी मारली, त्याच क्षणी पेटीनंही एक मारली. एक आणि एक दोन, म्हणून बस आणखी जोरात पळाली. शेवटी शार्दूलनं पेटीची वायर उपटली आणि पिशवी छातीशी धरून तो अर्धा किलोमीटर मागं पळत गेला. आजीबाईंनी आधी पिशवीतल्या वस्तू मोजून घेतल्या, मग त्याला चोर म्हणाल्या.

रिक्षासाठी शार्दूल ऑफिसजवळच्या स्टँडवर गेला. तिथं बेळगावकडचा गुंडू पाय हँडलवर टाकून पडला होता.

"मल्लेश्वरमला जाऊन परत यायचंय. एक मशीन लावून."

"येत नाय."

"का?"

"लांब पडतंय. येताना रिकामं यावं लागतंय."

"अरे, पण मी परत येणारच आहे ना तुझ्याबरोबर!"

गुंडूनं यावर प्रामाणिकपणे विचार केला. "मग वन अँड हाफ," तो म्हणाला.

मीटरवर दीडपट कबूल करून शार्दूलनं ऑफिसातली दुसरी, जादा पेटी रिक्षाला बांधली. तीन चाकांच्या गाडीला पट्टी असते ही गोष्ट गुंडूला पटण्यासारखी नव्हती. जिथं फट दिसेल ती आपली, असं त्याचं शास्त्र होतं. पेटी सुरुवातीला दर फटीला ओरडली आणि नंतर तिनं श्वास घेणंच सोडलं. पण त्या अखंड पींकारानं एक चमत्कार झाला. पुढच्या स्कूटरी, सायकली, एक पोलीस जीप, सगळे घाबरून बाजूला झाले. गुंडूचे डोळे चमकले.

"हॉर्न लई भारी हाय की, साहेब!"

"हॉर्न नाही तो, वॉर्निंग आहे. तुझ्यासाठी."

"मला कशाला? त्यास्नी द्या की!"

मल्लेश्वरमला पोचेपर्यंत प्रिंटरचा कागद संपला. शार्दूल दहा मिनिटं कॉफी प्यायला गेला. परत येऊन बघतो तर पेटी जागेवर होती, पण तिच्या पोटातला भोंगा रिक्षाच्या हँडलला जोडलेला होता. शेजारच्या गॅरेजवाल्यानं काम चोख केलं होतं.

"बदल्यात माझा जुना हॉर्न घ्या," गुंडू म्हणाला आणि काळ्या रबराचा फुगा असलेला भोंपू त्यानं शार्दूलच्या हातात ठेवला. वाद घालायला शार्दूलच्या अंगात त्राण नव्हतं. खरी पेटी व्हॅनमध्ये शाबूत होती. तो भोंपू घेऊन ऑफिसात आला.

मोहनकुमारसाहेबांनी तक्ता मागवला. शार्दूलनं तो नीट टाइप करून दिला. लॉरी सत्त्याण्णव, बस वायर निघेपर्यंत सहा, व्हॅन चारशे बारा. रिक्षापुढे 'कागद संपल्याने नोंद उपलब्ध नाही' असं होतं. साहेबांनी चष्मा लावून तक्ता वाचला आणि त्यांचं बोट व्हॅनवर थांबलं.

"उमाकांतअण्णा इतके वाईट चालवतात?" ते इंग्रजीत म्हणाले. "लॉरीवाला त्यांच्यापेक्षा बरा?"

"सर, ॲक्च्युअली, रस्त्यावर लाइन्सच..."

"मशीन चुकलं म्हणतोस?"

आता इथं शार्दूलनं हो म्हणायला हवं होतं. पण मशीन चुकलं म्हणजे प्रकल्प गेला, प्रकल्प गेला म्हणजे शार्दूल गेला, हा हिशेब त्याच्या डोक्यात पुण्याच्या गाडीच्या वेळेसकट तयार होता. तो म्हणाला, "मशीन... तसं बरोबर आहे, सर."

"मग माणूस चुकतोय. वय झालं बिचाऱ्यांचं." साहेबांनी उसासा सोडला. ते दुष्ट नव्हते, फक्त टाइप केलेल्या कागदावर त्यांचा फार विश्वास होता. "दसऱ्याला जर्मनीहून पाहुणे येतायत. त्या दिवशी चालवू दे अण्णांना, एवढ्या ऐनवेळी नवा ड्रायव्हर कुठून आणू? पण दहाच्या वर पीं झालं, तर दुसऱ्या दिवसापासून किल्ली काढून घेऊ. वर्षभर ऑफिसात बसतील, कुरिअरची पाकिटं लावतील."

ही बातमी अण्णांना साहेबांनी स्वतः, खांद्यावर हात ठेवून दिली. अण्णा "सरी, सार" म्हणाले आणि जिना उतरून व्हॅनमध्ये जाऊन बसले. व्हॅन कुठं जायची नव्हती. तरी अर्धा तास ते स्टिअरिंग धरून बसले होते, आणि वरच्या खिडकीतून ते बघून शार्दूलला स्वतःची लाज वाटली.

अष्टमीला अण्णांनी त्याला घरी जेवायला बोलावलं. बोलावणं आधीचं होतं, ते मोडण्याची अण्णांची रीत नव्हती. चामराजपेटेतल्या त्या दोन खोल्यांत गोंबे हब्बाच्या, म्हणजे दसऱ्यातल्या बाहुल्यांच्या सणाच्या, पायऱ्या मांडल्या होत्या. खालच्या पायरीवर लाकडी राजा-राणी, आणि त्यांच्या शेजारी पत्र्याची छोटी व्हॅन. अण्णांच्या पत्नी वासंतीअक्का वाढत होत्या.

"जेवत नाहीत हो हे धड," अक्का म्हणाल्या. "रात्री झोपेत पीं म्हणतात. मी उठून बसते. काय झालंय हापिसात?"

शार्दूलनं पुरणपोळीचा तुकडा तुपात बुडवला. "काही नाही, अक्का. जरा टेस्टिंग चाललंय."

"मला विचाराल तर त्या मशीनला राग आलाय," अक्का म्हणाल्या. "नवं आलं, नारळ फोडला काय? हळद लावली काय? पाटावरवंट्याची आपण पूजा करतो, कात्रीची करतो, आणि एवढ्या मोठ्या मशीनला एक फूल नाही?"

अण्णांनी जेवता जेवता मान वर केली. चार दिवसांत प्रथमच त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "उद्या आयुधपूजा की गं," ते म्हणाले.

आयुधपूजेला बंगळुरात एकही यंत्र उघड्या कपाळानं राहत नाही. कंपनीतही संगणकांना, प्रिंटरला, पाण्याच्या फिल्टरला गंधफूल झालं. व्हॅनची पूजा नेहमीप्रमाणे अण्णांकडे. त्यांनी पुढं केळीचे खुंट बांधले, झेंडूच्या माळा घातल्या, चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला. मग आत बसून त्यांनी घरून आणलेलं गोपीचंदन उगाळलं. वाटीत बोट बुडवून ते पेटीपुढं वाकले. "चुकलं असेल माझं काही तर पोटात घाल," असं पुटपुटत, पेटीच्या नेमक्या डोळ्यासमोर काचेवर त्यांनी स्वतःच्या कपाळासारखं उभं गंध काढलं. दोन पांढरट रेघा, मधे बुक्क्याचा काळा ठिपका. त्या फटीत हात जरा आत वळला आणि रेघा वर गेल्या तशा एकमेकींच्या जवळ आल्या. मागून आरती घेऊन आलेल्या शार्दूलला माळांच्या गर्दीत ते दिसलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी पाहुणे आले. उंच, लालबुंद, कमी बोलणारे जर्मन साहेब पुढं अण्णांशेजारी बसले. मागं मोहनकुमारसाहेब आणि मांडीत प्रिंटर घेतलेला शार्दूल. पाहुण्यांसाठी इडलीवड्यांची पार्सलं आणि पाण्याच्या बाटल्यांचं खोकं व्हॅनमध्ये मावेना, म्हणून ते सगळं घेऊन मागून एक रिक्षा यायची होती. सणाच्या दिवशी स्टँडवर एकच रिक्षा होती.

"मागं मागं यायचं म्हंजे डोक्याला ताप," गुंडू म्हणाला. "वन अँड हाफ."

व्हॅन निघाली आणि शार्दूलनं समोरचा रस्ता पाहिला. आदल्या दिवशी फोडलेल्या कोहळ्यांनी सगळं जयनगर पांढरं झालं होतं. दर वीस पावलांवर पांढरा गर, बिया, कुंकू आणि मधेमधे रांगोळ्या. आता चारशे बाराचा आकडा दुपारपर्यंत चार हजारांवर जाणार हे त्याला दिसत होतं. त्यानं डोळे मिटले.

पहिला कोहळा गेला. पेटी गप्प होती.

दुसरा गेला, पाचवा गेला. चौकातली पालखीएवढी रांगोळी चाकाखालून गेली. हिरवा दिवा शांत तेवत होता. अण्णांची मान एकेका सेंटिमीटरनं ताठ होत होती. मोहनकुमारसाहेबांनी शार्दूलच्या गुडघ्यावर थाप मारली.

"विलक्षण," पाहुणे म्हणाले. "इतक्या गोंधळात एकही खोटा इशारा नाही. आमच्याकडे हे कुणाला जमलेलं नाही."

शार्दूललाही जमलेलं नव्हतं, म्हणून तो पुढं वाकून पेटी निरखू लागला. माळा जरा बाजूला झाल्या आणि त्याला गंध दिसलं. दोन पांढऱ्या रेघा, वर निमुळत्या होत गेलेल्या, मधे काळं. पेटीच्या डोळ्यापुढं आज सकाळपासून एकच देखणा, सरळ, नवाकोरा डांबरी रस्ता होता आणि व्हॅन त्याच्या बरोब्बर मधोमध होती. आता ती सँकी टाकी नावाच्या तळ्यात गेली असती तरी पेटीच्या मते लेनमध्येच होती.

त्यानं खिशातून रुमाल काढून हात पुढं नेला. अण्णांनी स्टिअरिंगवरचा एक हात उचलून त्याच्या मनगटावर फटका दिला.

"आजच्या दिवशी गंध पुसायचं नाही! दसरा आहे!"

"अण्णा, अहो, पण..."

"काय झालं?" पाहुण्यांनी विचारलं.

"आमची परंपरा," मोहनकुमारसाहेब हसून म्हणाले.

गाडी रिंग रोडला लागली. हा रस्ता नवा होता आणि त्यावर खऱ्याखुऱ्या पांढऱ्या पट्ट्या होत्या. पाहुण्यांनी वहीत टिपण केलं आणि शार्दूलला नको होतं तेच मागितलं. "आता मुद्दाम लेन सोडायला सांगा. इशारा वेळेवर मिळतो का बघू."

"अण्णा," शार्दूल पुढं वाकून म्हणाला, "ते म्हणतायत, गाडी जरा उजवीकडं घ्या. पट्टीच्या बाहेर."

"उगाच? सिग्नल न देता?"

"हो."

"तीस वर्षांत नाही केलं असलं."

"अण्णा, प्लीज."

अण्णांनी देवाचं नाव घेतलं, दात आवळले आणि व्हॅन पट्टीवरून उजवीकडं घातली. पेटी हूं की चूं करेना. शार्दूलनं मनातल्या मनात पुण्याच्या गाडीत बसून घेतलं.

"पींऽऽऽ!"

आवाज खणखणीत होता. पाहुणे दचकून ताठ बसले. अण्णांनी घाबरून गाडी परत पट्टीत आणली आणि आवाज थांबला.

"उत्तम!" पाहुणे म्हणाले. "पुन्हा."

पुन्हा व्हॅन उजवीकडं गेली, पुन्हा "पींऽऽऽ!", या वेळी जरा लांब. शार्दूलनं हळूच मान वळवली. मागच्या काचेत, उजव्या अंगाला, झेंडूच्या माळांतून गुंडूचा संतापलेला चेहरा दिसत होता. बाजूनं पुढं काढायला तो केव्हापासून धडपडत होता आणि दर वेळी ही व्हॅन नेमकी त्याच्या आडवी येत होती. शार्दूलच्या पेटीतला शार्दूलचाच भोंगा तो अंगठ्यानं दाबत होता.

"डावीकडे बघू," पाहुणे म्हणाले. अण्णा डावीकडं सरले. उजवीकडं जमेना म्हणून गुंडूही तेव्हाच डावीकडं घुसला होता. "पीं पीं पींऽऽऽ!" आणि त्यापाठोपाठ बेळगावी मराठीत काहीतरी, जे इंजिनाच्या आवाजात विरलं.

"आवाज थोडा बाहेरून आल्यासारखा वाटतो," पाहुणे म्हणाले.

"सराउंड साउंड, सर," शार्दूल म्हणाला आणि फितीवरच्या कोऱ्या जागेत त्यानं पेनानं पाच वेळा छापल्यासारखं 'पीं' लिहिलं.

पार्सलातल्या इडल्या खाताना पाहुण्यांनी अण्णांचा हात हातात घेऊन हलवला. शहरात शून्य, रिंग रोडवर सांगितलं तेव्हाच. मोहनकुमारसाहेबांनी तिथल्या तिथं कुरिअरची पाकिटं रद्द केली.

संध्याकाळी शार्दूल व्हॅनजवळ गेला. अण्णा काचेवरून फडकं फिरवत होते, गंधाच्या कडेकडेनं.

"अण्णा, एक सांगायचंय. ते चारशे बारा... तुम्ही चुकला नव्हता. मशीन चुकलं होतं. मला तेव्हाच माहीत होतं. मी साहेबांना बोललो नाही."

अण्णांनी फडकं पिळलं. "ठाऊक आहे की."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"तुमची नोकरी नवी, माझं एकच वर्ष राहिलेलं," अण्णा म्हणाले. "पण वाईट वाटलं हं, शार्दूलराव. खोटं कशाला बोलू? स्वल्प जास्तच वाटलं."

शार्दूल तडक वर गेला आणि त्यानं साहेबांना सगळं सांगून टाकलं. रांगोळ्या, गंध, मागची रिक्षा, पेनानं लिहिलेले पीं, काही ठेवलं नाही. साहेबांनी टेबलावरचा फॅक्स पुढं सरकवला. पाहुण्यांनी हॉटेलातून पाठवलेला होता. निकाल उत्तम, पण तो आमच्या चाचणीच्या रस्त्यावर जसाच्या तसा मिळाला पाहिजे, सबब पेटी आणि त्याच चालकाला सहा आठवडे जर्मनीला पाठवावं, असं त्यात होतं. इंजिनीअरचा उल्लेख नव्हता.

"आता तोंड बंद ठेव," साहेब म्हणाले, "आणि अण्णांसाठी स्वेटर बघ."

अण्णा गेले. विमानतळावर वासंतीअक्कांनी गोपीचंदनाची वडी त्यांच्या स्वेटरच्या खिशात घातली. चौथ्या आठवड्यात शार्दूलच्या नावे पोस्टकार्ड आलं. अक्षर मोठं, ओळ एकही वाकडी नाही.

"सा. न. वि. वि. इथं रस्ताभर पट्ट्या आहेत, खडूनं आखल्यासारख्या. पहिल्या दिवशी इथल्या गाडीच्या काचेवर गंध लावलं आणि यांच्यासमोरच पुसलं. म्हटलं, आता उघड्या डोळ्यानं बघ माझ्याकडं. आजपर्यंत नऊशे किलोमीटर झाले. एकदासुद्धा पीं नाही. तुमच्या अक्कांना सांगा, मी जेवतो. तुमचा, उमाकांत."

शार्दूलनं ते कार्ड दोनदा वाचलं, मग जुना तक्ता काढून व्हॅनपुढचे चारशे बारा पेनानं खोडले आणि तिथं शून्य लिहिलं. त्याला फार बरं वाटलं. तेवढ्यात मोहनकुमारसाहेब हातात नवा फॅक्स घेऊन आले.

"वाच. म्हणतायत, तुमचा चालक अप्रतिम आहे, पण तो लेन सोडतच नाही. मुद्दाम सोड म्हटलं तर नाही म्हणतो. त्यामुळं महिनाभर मशीन वाजलेलंच नाही, चाचणी अडकली. कुणीतरी लेन न पाळणारा माणूस ताबडतोब पाठवा." साहेबांनी फॅक्स उलटा केला. "खाली अण्णांनी हातानं लिहिलंय, 'गुंडूला पाठवा.' हा गुंडू कोण?"

शार्दूल धावतच स्टँडवर गेला. गुंडू पाय हँडलवर टाकून पडला होता. शार्दूलनं त्याला सगळं समजावलं. विमान, हॉटेल, सहा आठवडे, आणि मनाला येईल तशी गाडी चालवायची, कुणी काही बोलणार नाही.

गुंडूनं डोळेसुद्धा पूर्ण उघडले नाहीत.

"जर्मनी?" तो म्हणाला. "येत नाय. येताना रिकामं यावं लागतंय."

शार्दूल वळून चार पावलं चालला असेल, तेवढ्यात मागून ओळखीचा खणखणीत पींऽऽऽ झाला.

"ओ साहेब! वन अँड हाफ द्या, मग बघू!"